फोन की कॅमेरा? गटाचे बारा हजार आणि आमची बैठक

 

आज बोलायचं आहे फोटोबद्दल. फोटो कसा काढायचा हे थोडं, आणि फोटो कशानं काढायचा हे जास्त. हा विषय माझ्या डोक्यातून आलेला नाही. तो गटाच्या मासिक बैठकीत झालेल्या वादातून आलाय.

झालं असं, की आमच्या एका गटाकडं उन्हाळी कामातून, म्हणजे कुरडया, पापड, सांडगे आणि मिरचीपूड विकून सगळा खर्च वजा जाता बारा हजार रुपये शिल्लक राहिले. अध्यक्ष वहिनी म्हणाल्या, "आपल्याला फोटो काढायला गटाचं म्हणून काहीतरी पाहिजे." खरंच होतं ते. बैठकीचा फोटो लागतो, प्रशिक्षणाचा लागतो, मालाचा लागतो, प्रदर्शनात स्टॉल मांडला की त्याचाही लागतो. आजवर जिच्या फोनला चार्जिंग असेल तिच्या फोनवर आम्ही फोटो काढत आलो. मग तो फोटो हवा असला की तिच्या नवऱ्याला फोन करायचा, तो म्हणणार मी शिवारात आहे, संध्याकाळी बघतो. संध्याकाळी पोरानं गेमसाठी जागा पाहिजे म्हणून गॅलरी साफ केलेली असते.

एक आक्का म्हणाल्या, चांगला कॅमेरा घेऊ. लगेच दुसरी, "आता कॅमेरा कोण घेतं गं? बारा हजारात झकास मोबाईल येतोय." दोन्ही बाजूंनी आवाज चढले. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक वहिनी, ज्या एरवी फक्त सही करायला पुढं येतात, त्या म्हणाल्या, "मोबाईल घेतला तर तो घरी गेल्यावर माझा राहत नाही. पोरगं नेतंय, मालक नेत्यात. कॅमेरा तरी कुणी नेणार नाही."

यावर कुणीच काही बोललं नाही. आणि मी ताई असून माझ्याकडंही उत्तर नव्हतं. म्हटलं, पुढच्या बैठकीपर्यंत थांबा, मी माहिती काढते. ती माहिती आज तुमच्यापुढं ठेवते.

आधी हे समजून घेऊ की फोटो होतो कसा. पुढं काच असते, तिला लेन्स म्हणतात. मागं एक बारीक चौकोनी तुकडा असतो, त्याला सेन्सर म्हणतात. लेन्समधून उजेड आत येतो, सेन्सरवर पडतो, आणि त्याचे लाखो ठिपके होऊन चित्र साठतं. खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात, ज्याला दुकानदार कॉम्पॅक्ट किंवा डिजिकॅम म्हणतात, हा सेन्सर साधारण सहा मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. दहा-बारा हजारांच्या मोबाईलमध्ये तो जवळपास तेवढाच असतो, कधी थोडा लहान. महागड्या मोबाईलमध्ये मोठा असतो. तेव्हा "कॅमेरा म्हणजे कॅमेराच, मोबाईलला त्याची सर नाही" हे जे आपण ऐकतो, ते लग्नातल्या फोटोग्राफरच्या मोठ्या कॅमेऱ्याबद्दल खरं आहे. खिशातल्या छोट्या कॅमेऱ्याबद्दल ते आता खरं राहिलेलं नाही.

मग फरक कुठं आहे? पहिला फरक झूममध्ये. कॉम्पॅक्ट सुरू केला की त्याची नळी बाहेर येते, पाहिलंय ना? झूम केलं की आतल्या काचा खरोखर पुढंमागं सरकतात आणि लांबची वस्तू जवळ येते. चित्र तेवढंच स्वच्छ राहतं. साध्या मोबाईलमध्ये काच जागची हलत नाही. दोन बोटांनी पडदा ताणला की मोबाईल काय करतो, तर चित्राचा मधला तुकडा कापतो आणि फुगवून दाखवतो. पातळ पिठाची भाकरी थापावी तसं होतं, मोठी दिसते आणि मधे फाटते. शाळेच्या गॅदरिंगला मागच्या रांगेतून लेकीचा नाच काढायचा असेल, तर मोबाईलमध्ये नुसती रंगीत धग येते आणि आठ-दहा पट झूमच्या जुन्या कॅमेऱ्यात लेकीच्या डोक्यातला गजरासुद्धा दिसतो. मोबाईलवर याला एकच उपाय आहे, उठून पुढं जायचं. बाईमाणसानं मंडपात पुढं जायचं म्हणजे चार माणसं बघणार. पण जा. मी जाते.

दुसरा फरक अंधारातला, आणि इथं गंमत उलटी आहे. मोबाईलच्या आत हिशोब करणारं डोकं आहे. बटण एकदा दाबलं तरी तो आतल्या आत बरेच फोटो पटापट काढतो आणि त्यांचा मिळून एक स्वच्छ फोटो बनवतो. म्हणून स्वयंपाकघरातल्या एका दिव्याच्या उजेडातही फोटो बरा येतो. जुन्या कॉम्पॅक्टला हे जमत नाही, तो दाणेदार फोटो देतो किंवा हललेला देतो. मात्र त्याच्याकडं खरा फ्लॅश असतो. क्षणभर लख्ख पडणारा, आठ-दहा फुटांवरच्या माणसांचे चेहरे उजळवणारा. मोबाईलची ती बारीक बत्ती तेवढी पोचत नाही. रात्री अंगणात हळदीचा कार्यक्रम असेल तर फ्लॅशवाला कॅमेरा बरा. घरात बारशाला पाळण्याजवळ बसून काढायचं असेल तर मोबाईल बरा, आणि बाळाच्या डोळ्यावर झगझगीतही नको.

आता मेगापिक्सेल. दुकानदार सगळ्यात मोठ्यानं हाच आकडा सांगतो, म्हणून हा नीट ऐका. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. आपण जो पोस्टकार्डाएवढा, चार बाय सहा इंचाचा फोटो छापून घेतो, त्याला चांगल्या छपाईसाठी इंचाला तीनशे ठिपके धरले तर बाराशे गुणिले अठराशे, म्हणजे साधारण बावीस लाख ठिपके लागतात. दोन मेगापिक्सेलच्या जरा वर, बस्स. मोबाईलच्या खोक्यावर ५० लिहिलेलं असलं तरी बहुतेक फोन चार-चार ठिपक्यांचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. आणि पाठीमागं तीन डोळे असले तर तिन्ही कामाचे असतात असंही नाही. स्वस्त फोनमध्ये एक खरा कामाचा, बाकीचे दोन-दोन मेगापिक्सेलचे शोभेला. कानातल्या फुलासारखे.

तिसरी गोष्ट रंगाची. यात आमच्या मिरचीवाल्या वहिनींना फटका बसला. त्यांनी मोबाईलवर मिरचीपुडीचा फोटो काढला, लालभडक, बघूनच ठसका लागावा असा. पुण्यातून दोन किलोची ऑर्डर आली. पूड पोचल्यावर बाईंचा फोन, "फोटोतली मिरची वेगळी होती, तुम्ही दुसरीच पाठवली." वहिनींनी तीच पाठवली होती. मोबाईल मनानं रंग चढवतो, कारण लोकांना तसे फोटो आवडतात. साधा कॅमेरा बहुधा त्यामानानं फिका फोटो देतो, पण खऱ्याच्या जास्त जवळचा. वहिनींना एक किलोचे पैसे परत द्यावे लागले. तेव्हापासून आम्ही पुडीशेजारी काहीतरी ओळखीचं ठेवतो, एखादी पिकलेली वाळकी मिरची, स्टीलची वाटी, पांढरा कागद. पांढरा कागद फोटोत पांढरा दिसला तर पुडीचा रंगही बराचसा खरा आहे असं समजायचं. मोबाईलच्या सेटिंगमध्ये एआय किंवा सीन असं काही असेल तर ते बंद करून बघा.

तोच प्रकार चेहऱ्याचा. कितीतरी मोबाईलमध्ये ब्युटी नावाचं काहीतरी आधीपासूनच चालू असतं. ते आपल्याला गोरं करतं, सुरकुत्या पुसतं. एका मावशींचा फोटो मी गटाच्या नोंदीसाठी काढला, तर त्या म्हणाल्या, "ही कोण? माझी धाकटी बहीण का?" हसलो आम्ही. पण गोंदण पुसलं गेलं होतं कपाळावरचं. मावशींची ओळखच त्या गोंदणात आहे. मी ते बंद केलं आणि परत काढला.

काळ्या आणि पांढऱ्या वस्तूंचं एक गुपित सांगते, हे दोन्हीला लागू आहे. कॅमेरा असो की मोबाईल, त्याला वाटतं जगातली प्रत्येक गोष्ट मध्यम उजेडाची आहे. म्हणून पांढऱ्या कुरडया पांढऱ्या धोतरावर वाळत घालून फोटो काढला की त्या मळकट, राखाडी दिसतात. आणि काळी शेळी किंवा काळं घोंगडं काढलं की ते धुरकट, पांढुरकं होतं. आपली कुरडई मळकी नसते, यंत्र फसलेलं असतं. मोबाईलवर वस्तूवर बोट टेकवलं की बाजूला बारीक सूर्य दिसतो. कुरडईसाठी तो सूर्य थोडा वर सरकवायचा, काळ्या शेळीसाठी थोडा खाली. कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असलेलं बटण असतं, त्यानं तेच काम होतं. एवढं एक कळलं की विक्रीचे निम्मे फोटो सुधारतात.

शेळीवरून आठवलं, आणि हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. आमच्या एका काकूंच्या शेळीचा विमा होता. शेळी दगावली. कागदपत्रांबरोबर कानातल्या बिल्ल्याचा फोटो पाहिजे होता. मीच काढला, संध्याकाळी गोठ्यात, घाईघाईत, मोबाईल पार कानाजवळ नेऊन. फोटोत बिल्ला पिवळा दिसतोय, आकडा एकही वाचता येत नाही. तोवर शेळी पुरून झालेली. काकूंना त्यानंतर किती हेलपाटे पडले ते मी मोजले नाहीत, त्यांनी मोजलेत. चूक माझी होती. मोबाईल अगदी जवळ नेला की त्याची नजर बसत नाही. वीतभर लांब राहायचं, आकड्यावर बोट टेकवायचं, चित्र स्थिर झालं की मग बटण दाबायचं. कॉम्पॅक्टवर फुलाची खूण असते, ती जवळचे फोटो काढण्यासाठी. ती दाबली की अगदी जवळचंही स्वच्छ येतं. आणि दोन्हीला एक नियम, फोटो काढल्यावर तिथंच उभं राहून मोठा करून बघायचा. आकडा वाचता आला तरच जागा सोडायची.

आता कागदोपत्री कामाकडं येऊ, कारण इथं कॅमेऱ्याचा पाय लंगडा पडतो. ई-पीक पाहणी बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाईलवरच्या ॲपमधून करायची, शेतात उभं राहून फोटो काढायचा. तो फोटो कुठं काढला हे मोबाईल स्वतःच्या जीपीएसवरून ओळखतो. रोजगार हमीच्या कामावरही २०२३ च्या जानेवारीपासून मजुरांची हजेरी अशीच, ॲपवर फोटो काढून घेणं सक्तीचं झालं. घरकुलाच्या बांधकामाचे टप्पेही असेच जागेसह टिपले जातात. कॅमेऱ्यात काढलेला फोटो कितीही सुंदर असो, या ॲपला तो चालत नाही. ज्या बाईच्या नावावर सातबारा आहे आणि मोबाईल नाही, ती आपल्याच पिकाच्या नोंदीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत बसते. म्हणून या कामासाठी मोबाईलला पर्याय नाही.

विक्रीचंही तसंच. मोबाईलवर फोटो काढला की पुढच्या मिनिटाला गिऱ्हाईकाला जातो. कॅमेऱ्यातून कार्ड काढायचं, कुणाच्या तरी कॉम्प्युटरला लावायचं किंवा कार्ड मोबाईलला जोडायची बारीक वस्तू घ्यायची, ती शंभर-दोनशेत मिळते, मग फोटो मोबाईलवर घ्यायचा, मग पाठवायचा. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडं. एक मात्र लक्षात ठेवा, व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो बारीक होऊन जातो. पडद्यावर ठीक दिसतो, छापायला गेलं की फुटतो. छापायचा फोटो असेल तर पाठवताना एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. सासूबाई गेल्या त्या वर्षी भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता. घरात चार मोबाईल, हजारांनी फोटो, त्यात नातवंडांचे, गाडीचे, केकचे. आत्याबाईंचा एकटीचा एकही नाही. प्रत्येक कार्यक्रमात त्या चुलीपाशी. शेवटी पुतण्याच्या लग्नातला एक मिळाला, कडेला उभ्या आहेत, अर्धा पदर दिसतोय, तोही तीन जणांकडून फिरत आलेला. स्टुडिओवाल्यानं मोठा केला. नाकडोळे आहेत, पण त्या आत्याबाई वाटत नाहीत. तोच फोटो लागलाय भिंतीवर.

आता त्या कोपऱ्यातल्या वहिनींच्या बोलण्याकडं येते. मी तालुक्याला दोन दुकानांत जाऊन विचारलं. पहिल्यानं सांगितलं, "ताई, आता छोटे कॅमेरे कोण ठेवतं?" खरं आहे. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेचे आकडे बघितले तर २०१० साली बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी गेले होते. २०२३ साली सगळे मिळून ऐंशी लाखसुद्धा भरले नाहीत. त्यात छोटे कॅमेरे तर फारच थोडे. सगळं मोबाईलनं खाल्लं. त्यामुळं नवा साधा कॉम्पॅक्ट घ्यायचा तर मागवून घ्यावा लागतो, त्या किमतीत बरा मोबाईल येतो, आणि फोटो मोबाईलपेक्षा फार सरस येईल असं नाही. नवा कॅमेरा घेण्यात पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण जुना कॅमेरा ही वेगळी गोष्ट आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेले कॅमेरे किती घरांत कपाटात पडून आहेत, आठवून बघा. भावाचा, दिराचा, नोकरीवरच्या नणंदेचा. तो मिळाला तर घ्या. त्याला रिचार्ज नाही, अपडेट नाही, त्यात गेम नाही, आणि तो मागायला घरातलं कुणी येत नाही. त्यातले फोटो कार्डावर राहतात, आपोआप कुठं जात नाहीत. ज्या घरात सुनेनं मोबाईल हातात धरला की "कुणाशी बोलतीस?" विचारलं जातं, तिथं कॅमेऱ्याला कुणी काही विचारत नाही. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही, आहे ते सांगते.

जुना घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. चालू करून बघा, नळी अडखळत, करकरत बाहेर येत असेल तर आत माती गेली आहे, सोडून द्या. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, त्यात काळे ठिपके दिसले तर ते प्रत्येक फोटोत राहणार. बॅटरी काढून सपाट पाटावर ठेवा, ती डुगडुगली म्हणजे फुगली आहे, वापरू नका. तिचा नंबर लिहून घ्या आणि तशी नवी मिळते का हे आधी विचारा, कारण बॅटरीच मिळाली नाही तर कॅमेरा म्हणजे पेपरवेट. चार्जर आहे का बघा. बॅटरीचं झाकण नीट बसतं का बघा. फ्लॅश उडवून बघा. आणि तारीख लावा! कॅमेरा बरेच दिवस बॅटरीशिवाय पडून राहिला की त्याचं घड्याळ पुसलं जातं. आमच्या दुसऱ्या गटानं असाच कॅमेरा वापरला आणि प्रशिक्षणाच्या सगळ्या फोटोंवर १ जानेवारी २००८ ची तारीख आली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा गट तेव्हा होता का? गटातल्या दोघीजणी तेव्हा प्राथमिक शाळेत होत्या.

मोबाईल घ्यायचा तर गटाचा म्हणून घ्या. पावती गटाच्या नावानं करा, नोंद मालमत्तेच्या वहीत करा, वस्तू गटाच्या पेटीत राहू द्या. जी नेईल तिची वहीत सही, परत आणली की सही. फोटो काढायला सिम लागत नाही, रिचार्ज लागत नाही, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. पाठवायच्या वेळी कुणाच्या तरी मोबाईलचा हॉटस्पॉट घ्यायचा. ई-मेल खातं गटाच्या नावानं उघडा आणि त्याचा पासवर्ड वहीत लिहून पेटीत ठेवा. दुकानदाराला ते खातं काढून देऊ नका. तो काढतो, पासवर्ड त्याच्याच डोक्यात राहतो, मोबाईल बिघडला की सगळे फोटो त्या खात्यात कुलूपबंद. गुगलकडं फुकट जागा पंधरा जीबीच मिळते, त्यात मेल, फोटो सगळं आलं. म्हणून महिन्याला एकदा फोटो एखाद्या कार्डावर किंवा पेनड्राईव्हवर काढून घ्या. बत्तीस जीबीच्या कार्डात साधारण सात-आठ हजार फोटो मावतात, म्हणजे गटाची कितीतरी वर्षं. कार्डावर वर्ष लिहून पेटीत.

आणि दोन्हीबाबत एक. जिचा फोटो काढतोय तिला विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि काढलेला तिला दाखवल्याशिवाय कुठं पाठवायचा नाही. लेकीबाळींचे फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायची गरजच नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यात लोकेशन नावाची सोय असते. सरकारी कामाला ती चालू पाहिजे, पण डॉक्युमेंट म्हणून फोटो पाठवला तर घराचा ठावठिकाणाही सोबत जातो. म्हणून एरवी ती बंद ठेवा.

साध्या गोष्टी राहिल्या, पटकन सांगते. काच पुसा, पण पदरानं पुसू नका, आपल्या पदराला तेल आणि हळद असते. मऊ सुती फडकं पेटीतच ठेवा. मालाचा फोटो भर उन्हात नको, दाराच्या आत, उंबऱ्याजवळ, सावलीत ठेवून काढा. तिथला उजेड कसला छान मऊ असतो. स्टीलच्या डब्यावर फ्लॅश नको. गोधडीचा फोटो पोर्ट्रेटवर नको, मोबाईल तिच्या कडा पुसट करतो, आणि गिऱ्हाईक आधी कडेची शिवणच बघतं.

तर बैठकीत काय ठरलं? पुन्हा वाद झाला, पण कमी. नऊ हजारांचा मोबाईल गटाच्या नावानं घेतला, सिम न घालता. आणि अध्यक्ष वहिनींच्या भावानं त्याचा जुना कॅमेरा फुकट दिला, बॅटरी आणि कार्डाला साडेसातशे रुपये लागले. विक्रीला, कागदपत्रांना मोबाईल. कॅमेरा आळीपाळीनं घरी न्यायचा, एकीकडं आठ दिवस, तिनं तिला वाटतील ते फोटो काढायचे. काहीजणींना हा फालतूपणा वाटला, एकीनं तसं म्हणूनही दाखवलं.

पहिला नंबर त्या कोपऱ्यातल्या वहिनींचा लागला. आठ दिवसांनी कार्ड मोबाईलला लावून बघितलं तर एकसष्ट फोटो. पंधरा-वीस हललेले. तीन फोटोंत त्यांचं स्वतःचं बोट. बाकी चूल, गाभण म्हैस, शाळेतून येणारी पोरं, विहिरीवरची रांग, आणि त्यांच्या सासूबाई. ओसरीत तांदूळ निवडताना, पाय पसरून, चष्मा नाकावर घसरलेला. वर मान करून बघतायत आणि काहीतरी बोलतायत. मी विचारलं, काय म्हणत होत्या? वहिनी म्हणाल्या, "म्हणत होत्या, माझा कशाला काढतीस, म्हशीचा काढ."

कार्ड सध्या माझ्याकडं आहे. येत्या शुक्रवारी मी तालुक्याला छापायला नेणार आहे. ज्यांना चार बाय सहाच्या प्रती हव्यात त्यांनी गुरुवारपर्यंत सचिवांकडं फोटोचा नंबर लिहून द्यावा. आणि घरात जुना कॅमेरा कुणाकडं पडून असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या, बॅटरी बाहेर काढून आणा. आपण बघू चालतो का.